बेचाळीस खांबांवरची कुजबुज

त्या नाटकघराचा पुढचा अर्धा भाग जमिनीवर होता आणि मागचा अर्धा पाण्यावर. बांधणाऱ्यांकडे पैसा उदंड होता आणि किनाऱ्यावर जागा नव्हती, म्हणून त्यांनी समुद्रात ओतीव लोखंडाचे बेचाळीस पोकळ खांब रोवले आणि त्यांच्यावर रंगमंच चढवला. म्हणजे प्रेक्षक कोरड्या जमिनीवर बसायचे आणि नट पाण्यावर नाचायचे. विंगेत, घंटेच्या दोरीशेजारी, भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असे. भरती असली की मॅनेजर नटांना बजावायचा, "आज पोटातून बोला रे, खाली पाहुणा आलाय."

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, एक चौकोनी खड्डा होता. त्यावर शिंपल्यासारखं लाकडी टोपण. प्रेक्षकांना फक्त टोपणाची पाठ दिसायची. आत एक स्टूल, एक मिणमिणता दिवा आणि मांडीवर नाटकाची वही घेऊन बसलेली, अडलेल्या नटाला हळूच शब्द देणारी एक बाई. नट त्या जागेला बीळ म्हणत आणि त्या बाईला कुजबुज. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं.

कुजबुज ही नाटकघराच्या सुताराची थोरली मुलगी. बापाचा डबा घेऊन यायची आणि तालमी बघत बसायची. जुन्या प्रॉम्प्टरचे पुढचे दोन दात पडले आणि तो प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजवायला लागला, तेव्हा मॅनेजरच्या नाकी नऊ आले. गंभीर प्रसंगात राणी मरायला टेकलेली आणि बिळातून शीळ! मॅनेजरने सुताराच्या पोरीला खाली बसवलं आणि म्हणाला, "वाच. पण आवाज नकोय मला. नुसता श्वास दे, त्यात शब्द बसव."

ती वाचायला लागली. मागच्या विंगेत उभ्या असलेल्या नटाला एकेक अक्षर ऐकू आलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मॅनेजरला काहीच नाही. तो उठून टोपणाजवळ आला. "वाचतेयस ना?" "दोन पानं झाली," ती म्हणाली. त्या दिवशी, एकोणिसाव्या वर्षी, ती बिळात उतरली.

तिथल्या मुख्य नटाला सगळे राजे म्हणत, कारण बावीस वर्षं तो राजाच्याच भूमिका करत आला होता. सहा फूट उंची, रुंद कपाळ, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतली पेंगणारी माणसं ताठ बसत. घरी मात्र तो साधा गृहस्थ. मुलीच्या वेण्या घालून मग तालमीला यायचा, असं सांगत.

कुजबुजला तिथे आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा राजे विसरायला लागले. आधी एखादा शब्द, मग ओळ. एकदा दुपारच्या खेळाआधी ते मेकअपच्या खोलीच्या दारात तिची वाट बघत उभे राहिले. एका डोळ्याला काजळ लावून झालं होतं, दुसरा कोरा.

"पोरी, कुणाला सांगणार नाहीस?"

"काय, राजे?"

"मला सगळं येतं. अख्खं भाषण डोक्यात उभं असतं. फक्त सुरुवात सापडत नाही. दार दिसतं, कडी दिसत नाही." ते हसले. "मी उजवा हात कमरपट्ट्यावर ठेवला की पहिला शब्द दे. एकच. पुढचं माझं मी बघतो."

चार वर्षं त्या दोघांनी हे असं निभावलं. राजे बोलता बोलता थांबत, सावकाश कमरपट्ट्यावर हात नेत, मान किंचित डावीकडे झुकवत, खालून एक शब्द येई आणि ते गरजत. गावातली जाणती माणसं म्हणायची, "राजे काय थांबतात! नुसत्या थांबण्यात जीव घेतात." कुजबुज बिळात बसून हे ऐकायची आणि मनातल्या मनात फुशारून जायची. तिच्या आयुष्यात तिला कुणी टाळ्या दिल्या नव्हत्या, पण अर्ध्या टाळ्या आपल्या आहेत हे तिला ठाऊक होतं. लग्न तिने केलं नाही. स्थळं आली, पण संध्याकाळी घरी असणारी बाई सगळ्यांना हवी होती.

मग ती दुपार आली. उधाणाची भरती आणि वर वादळी वारा. मॅनेजर म्हणाला, खेळ रद्द करू. राजे म्हणाले, तिकिटं काढून माणसं आत बसलीत, उठवून लावू नका. शेवटचा अंक आला. म्हातारा राजा आपला मुकुट उतरवून मुलाच्या हाती देतो, तो प्रसंग. राजे पुढे आले, मुकुट दोन्ही हातांनी काढला, आणि थांबले. उजवा हात कमरपट्ट्यावर गेला.

"हा मुकुट," कुजबुजने श्वास सोडला.

त्याच क्षणी खालून असा दणका बसला की तिच्या मांडीवरची वही उडाली. पाणी फळ्यांवर खालून थपडा मारत होतं. राजांनी मान डावीकडे झुकवली. तिने पुन्हा शब्द दिला. ते तसेच उभे. तिने तिसऱ्यांदा दिला. राजांचे डोळे टोपणाच्या आत तिला शोधत होते, आणि त्या डोळ्यांत तिला जे दिसलं ते तिने कधीच कुणाला नीट सांगितलं नाही. गर्दीत हात सुटलेल्या लहान मुलाचे डोळे असतात तसे, एवढंच ती एकदा म्हणाली.

तिने जिवाच्या आकांताने हाक मारली, "हा मुकुट!"

आणि नेमकी तेव्हाच लाट मागे सरली. नाटकघर चिडीचूप झालं होतं. जमिनीतून आलेला बाईमाणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचला. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो राजे, बाई काय म्हणतात बघा!" मग हसण्याचा असा लोट उठला की थांबेना.

राजे हसले नाहीत की चिडले नाहीत. ते वाकले, मुकुट टोपणाच्या समोर, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, फळीवर ठेवला आणि चालत विंगेत गेले. पुन्हा ते त्या रंगमंचावर आले नाहीत.

ते दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. सगळे भेटून आले. कुजबुज एकदाच गेली, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. जिना चढली, दाराशी पोचली. आतून राजांचा आवाज येत होता, कुणाशी तरी बोलत होते. तिने दार वाजवायला हात उचलला, आणि तो वर तसाच राहिला. काय म्हणायचं आत जाऊन? मोसंबी जिन्यात ठेवून ती परत आली. चार महिन्यांनी राजे गेले. अंत्ययात्रेत ती सगळ्यांत मागे चालली.

वादळानंतर बंद असलेलं नाटकघर पुन्हा उघडलं, आणि पहिल्या मोठ्या भरतीला तिला तो आवाज ऐकू आला.

दुसऱ्याच कुठल्या नाटकाची तालीम होती. ती बिळात होती. लाट आली, फळ्यांवर आपटली, मागे सरली, आणि तिच्या पायांखालून कुणीतरी श्वास आत घेतला. पुरुषाचा, खोल, छातीभर श्वास. मोठं भाषण सुरू करण्याआधी नट घेतो तसा. ती गोठून वाट बघत राहिली. पुढे शब्द आला नाही. पुन्हा लाट आली, मागे सरली, पुन्हा तो श्वास. आणि पुन्हा काहीच नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. रंगमंचाच्या त्या कोपऱ्यात भरतीला कसलीशी धाप लागते, हे हळूहळू इतरांच्याही कानावर आलं. कुणी म्हणे वारा, कुणी म्हणे घूस. नट थट्टा करायचे, पण भरतीच्या वेळी टोपणाजवळ उभं राहायला एकही तयार नसे. कुजबुज तेवढी तिथे बसायची. आसपास कुणी नसलं की वाकून, फळीला तोंड लावून म्हणायची, "हा मुकुट." खालून श्वास यायचा. तिने सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या, हळू, जोरात, विनवून, रागावून. तो शब्द काही उचलला जात नव्हता.

नाटकं पुढे पडायला लागली. नाटकघरावर पांढरा पडदा चढला आणि ते सिनेमाघर झालं. पडद्यावरच्या माणसांना शब्द सांगायची गरज नव्हती, म्हणून कुजबुजला तिकीटखिडकीत बसवलं. चौदा वर्षं ती जाळीच्या भोकातून तिकिटं सरकवत राहिली. पुढे सिनेमाही चालेना. खुर्च्या उचकटून नेल्या आणि तिथे मच्छीमारांच्या जाळ्यांचं गोदाम झालं. किल्ल्या सांभाळायला माणूस हवा होता, ती राहिली. मग कुणीतरी भिंतींना गुलाबी रंग फासून समारंभाचा हॉल केला. जिथे नाटकातले राजे मरायचे तिथे जेवणाच्या पंगती बसल्या. पाहुण्यांना ताटाखालून कुणी धापा टाकतंय असं वाटे, आणि हॉलचंही नाव खराब झालं. इमारत कात टाकत गेली आणि ही बाई फक्त बसायची जागा बदलत गेली. भाऊ म्हणायचा, "तुला त्या भिंतींनी काय जादू केलीय?" ती म्हणायची, "घराजवळ पडतं."

शेवटी दाराला कुलूप लागलं. पाच वर्षं ते निघालं नाही. किल्ली मात्र कुजबुजकडेच होती, कारण परत मागायचं कुणाला सुचलं नाही. मोठ्या भरतीच्या दिवशी, दुपारच्या वेळी, ती बाजूच्या दाराने आत जायची, बिळाच्या तोंडाशी बसायची, भरती उतरली की निघायची. आजारी माणसाला बघून यावं तसं.

ती चौसष्ट वर्षांची असताना तिची भाची सकाळी-सकाळी दारात आली. धाकट्या बहिणीची ही मुलगी नगरपालिकेत इंजिनिअर होती. पायात गमबूट, काखेत नकाशांची गुंडाळी.

"मावशी, चहा टाक. आणि चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखं काहीतरी आहे."

"नाटकघर पाडायचं म्हणतायत. तिथे गाड्या लावायला जागा करायची. अहवाल मला द्यायचाय." भाचीने नकाशा पसरला. "इमारत तशी भक्कम आहे गं. पण खालचे बेचाळीस खांब. त्यांवर कालवांच्या शिंपल्यांचे हातभर थर चढलेत. सगळे खरवडून तपासायचे तर वर्ष जाईल, आणि मला मिळालेत पंधरा दिवस. नुसती शंका आहे असं लिहिलं तरी पुरे, हातोडे घेऊन तयारच आहेत."

कुजबुज कपात साखर ढवळत राहिली. बराच वेळ ढवळत राहिली.

"मावशी? विरघळली साखर."

"एक खांब फुटका आहे," ती म्हणाली. "किनाऱ्याकडून दुसऱ्या रांगेतला. बिळाच्या बरोब्बर खालचा. बाकीच्यांचा आवाज येत नाही."

"कसला आवाज?"

मग तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा तिने तोंड उघडलं. कमरपट्टा, मुकुट, हसणं, मोसंबी, श्वास, सगळं. भाची ऐकत राहिली. चहावर साय धरली.

ओहोटीला भाची शिडी लावून खाली उतरली. कुजबुज वर बिळाशी बसून पायाने फळीवर ठोकत होती, म्हणजे खांब कुठला ते कळावं. खालून खरवडण्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. अर्ध्या तासाने भाची वर आली तेव्हा तिचे हात रक्ताळले होते आणि तोंडावर भलताच उत्साह होता.

"उभी चीर आहे, मावशी! माझ्या हाताएवढी. खांब आतून पोकळ ना, लाट मागे सरली की त्या चिरेतून हवा आत खेचली जाते. तोच तुझा श्वास. आजूबाजूचे आठ बघितले, ठणठणीत आहेत." ती जवळ येऊन बसली. आवाज खाली आणला. "आणि ऐक. ओतीव लोखंड एकदम फुटतं. ते त्या वादळात फुटलं असेल, तर त्या क्षणी खाली तोफ डागल्यासारखा आवाज झाला असणार. मुकुटाच्या वेळी वही उडाली म्हणालीस ना? तोच तो. राजांना तुझं काही ऐकू जाणंच शक्य नव्हतं. तुझी काही चूक नव्हती गं."

कुजबुजला हायसं वाटायला हवं होतं. भाची तशा अपेक्षेने बघत होती, म्हणून ती हसलीही. पण आत तिला काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं झालं. तेहेतीस वर्षं जो खाली उभा होता, तो लोखंडाचा होता तर.

"दुरुस्त केला की बंद होईल का?" तिने विचारलं.

"हो तर. अगदी बंद."

"मग थोडे दिवस..." ती म्हणाली. भाचीने तिचा हात हातात घेतला. दोघींनाही माहीत होतं की थोडे दिवस नव्हते. खांब बदलला नाही तर इमारत जाणार होती.

अहवाल गेला. वाद झाले, सभा झाल्या, पेपरात फोटो आले. शेवटी इमारत वाचली. फुटका खांब कापून काढला आणि त्या जागी भरीव काँक्रीटचा उभा केला. त्यानंतरच्या पहिल्या उधाणाला कुजबुज दुपारभर बिळाशी बसली. लाट आली, आपटली, मागे सरली. पाणी पाण्यासारखं वाजत होतं. सवयीने ती वाकली, ओठ फळीला लावले, पण शब्द उच्चारायची तिला भीती वाटली. आता तो कुणाला द्यायचा?

घरी आल्यावर ती दोन दिवस झोपून होती. ताप नव्हता, काही नव्हतं. भाची म्हणाली, दगदग झाली.

नाटकघर पुन्हा उघडलं. नव्या नटांच्या कानात वाटाण्याएवढी, शब्द ऐकवणारी यंत्रं असायची, बिळाला कुणी विचारत नव्हतं. पण रविवारी सकाळी इमारत बघायला माणसं येऊ लागली, आणि त्यांना हिंडवून आणायला कुजबुजपेक्षा योग्य कोण? ती दाखवायची, हे बाल्कनीचे कठडे, इथे घंटेची दोरी होती, हे माझं बीळ. शिट्टी वाजवणाऱ्या प्रॉम्प्टरची गोष्ट सांगून हसवायची. राजांची गोष्ट ती सांगत नसे. 'एक मोठे नट इथे काम करायचे', एवढंच.

एका रविवारी सगळे पांगल्यावर एक पांढऱ्या केसांची बाई खुर्चीवर बसून राहिली. कुजबुजपेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. उंच, रुंद कपाळाची.

"ताई, तुम्ही ज्यांच्याबद्दल बोललात ते माझे बाबा," ती म्हणाली.

कुजबुजने खुर्चीच्या पाठीला धरलं.

"तुम्ही त्यांना ओळखत असाल म्हणून विचारते. वेड्यासारखं वाटेल, पण कितीतरी वर्षं माझ्या मनात घोळतंय. काम सोडल्यावर बाबा घरीच असायचे. शेवटच्या महिन्यांत ते बोलता बोलता थांबायचे. साधं 'पाणी दे' म्हणतानासुद्धा. थांबायचे, मान अशी डावीकडे वळवायचे आणि जमिनीकडे बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, काहीतरी पडलंय. मी आणि आई वाकून शोधायचो, पलंगाखाली, कपाटाखाली. काही सापडायचं नाही. ते चिडायचे नाहीत. नुसते वाट बघत राहायचे. काय शोधत असतील हो ते?"

कुजबुज तिच्या शेजारी बसली. समोर रिकामा रंगमंच होता आणि उघड्या दारातून सकाळचं ऊन आत आलं होतं. तिला दोन गल्ल्या पलीकडचा तो जिना आठवला, आणि आतून येणारा तो आवाज. कुणाशी तरी बोलणारा. बोलता बोलता थांबणारा. ती तेव्हा दाराबाहेर होती, हाताच्या अंतरावर.

"मला," ती म्हणाली.

बाईला कळलं नाही. "काय म्हणालात?"

कुजबुजचा आवाज आयुष्यभर हळूच राहिला होता. तिने घसा साफ केला आणि पुन्हा, मोठ्याने, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सांगून होईपर्यंत दुपार झाली. राजांची मुलगी रडली नाही. तिने एकदाच मध्ये विचारलं, "मोसंबी तुम्ही ठेवली होती होय?" आणि कुजबुजने मान हलवल्यावर म्हणाली, "त्यांनी खाल्ली होती."

त्यानंतर ती अधूनमधून रविवारी यायला लागली. माणसांच्या मागे गुपचूप हिंडायची, शेवटी दोघी दाराशी चहा घ्यायच्या. राजांचा विषय फारसा निघायचा नाही. एकदा निघाला तेव्हा राजांची मुलगी म्हणाली की बाबा कुणाला शोधत होते ते आता ठाऊक आहे, पण घरी त्यांच्या खोलीत बसलं की अजूनही आपली मान आपोआप जमिनीकडे वळते. कुजबुजने कप विसळून ठेवले, दिवे एकेक करून मालवले आणि कुलूप लावलं.